पहिलं मत, ओहायो २००४

डिसेंबर २००४

आमच्या मराठी मंडळातल्या दोघींची अमेरिकन नागरिकत्वाची शपथ पुढच्या वर्षी आहे. दिवाळीत भेटल्या तेव्हा विचारत होत्या, मतदानासाठी काय काय करावं लागतं आणि या नोव्हेंबरात अध्यक्षासाठी मत कुणाला द्यायचं ते तू ठरवलंस कसं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं मला अजून एका वाक्यात देता येत नाही. म्हणून वहीतल्या तारखा समोर ठेवून सगळं क्रमाने लिहिते.

मी सातारा जिल्ह्यातली. मुलगा सात वर्षांचा असताना, १९९३ साली, आम्ही ओहायोतल्या कोलंबसला आलो. हे एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतात. मी ड्राय क्लीनिंगच्या दुकानात शिवणकाम करते. पँटी आखूड करायच्या, कंबर सैल-घट्ट करायची, चेन बदलायच्या. ऑगस्ट १९९८ मध्ये आम्हा तिघांना ग्रीन कार्ड मिळालं. पाच वर्षं पूर्ण झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि तो ९० दिवस आधी पाठवलेला चालतो. ह्यांनी भारतीय पासपोर्ट ठेवायचं ठरवलं. मी अर्ज केला, तोही घाईने, आणि घाईचं कारण मुलगा होता. आई किंवा बाप मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत नागरिक झाले, आणि मूल ग्रीन कार्डावर त्यांच्याजवळच राहत असेल, तर तेही आपोआप नागरिक होतं. अठरा उलटले की त्याला स्वतःचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी वाट पाहणं. आमचा ऑगस्ट २००४ मध्ये अठराचा होणार होता. मुलं मोठी असतील तर ही तारीख सगळ्यात आधी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जून २००३ मध्ये नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज नेब्रास्काच्या कार्यालयाला पाठवला. २६० डॉलर फी, ५० डॉलर बोटांच्या ठशांचे, असा ३१० चा चेक. (एप्रिल २००४ मध्ये ती ३९० झाली.) सप्टेंबरात ठसे झाले. शिवणकामाने माझ्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे दोन बोटांचे ठसे तीनतीनदा घ्यावे लागले. तुमचंही हाताचं काम असेल तर आठवडाभर आधीपासून रात्री तेल लावा. त्यानंतर पाच महिने काहीच आलं नाही. मग फेब्रुवारीत मुलाखत.

तेव्हा, २००४ मध्ये, शंभर प्रश्नांच्या यादीतले दहा विचारत, सहा बरोबर यावे लागत. मला पहिलाच आला, अध्यक्षाला कोण निवडून देतं? इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींचं मंडळ, मी सांगितलं. पाठ होतं. त्याचा अर्थ नोव्हेंबरात कळला. नंतर अधिकाऱ्याने अर्जावरचे प्रश्न एकेक करून वाचले. त्यातला एक होता, कायद्याने गरज पडली तर अमेरिकेसाठी शस्त्र हाती घ्यायला तयार आहात का? मी हो म्हटलं. घरी अर्ज भरतानाही हो वरच खूण केली होती. पण तिथे तोंडाने म्हटल्यावर डोळ्यांसमोर मी नव्हते, मुलगा होता. इराकमधलं युद्ध सुरू होऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

मार्चअखेर डाउनटाउनच्या फेडरल कोर्टात शपथ झाली. शपथेत शस्त्राचं ते वाक्य पुन्हा आहे, आणि त्याआधी जुन्या देशावरची निष्ठा सोडल्याचंही. ते म्हणताना माझा आवाज बसला. शेजारच्या सोमाली बाईंनी माझा हात धरला, का ते त्यांनाच ठाऊक. दाराशी टेबल मांडून दोन वयस्क बाया मतदार नोंदणीचे अर्ज देत होत्या. मी घरी नीट वाचून भरू म्हणून अर्ज पर्समध्ये टाकला आणि तो तिथेच राहिला. तुम्ही तसं करू नका, तिथल्या तिथे भरून द्या. आपल्याकडे मतदार यादी करायला माणसं दारी येतात, इथे आपलं नाव आपणच घालायचं असतं. त्याला पैसे पडत नाहीत.

एप्रिलपासून दुकानात वाळवंटी रंगाचे गणवेश जास्त येऊ लागले. कोलंबसच्या दक्षिणेला रिकनबॅकरचा लष्करी तळ आहे, आणि नॅशनल गार्डची, राखीव दलाची पोरं गावभर आहेत. एरवी कुणी कारखान्यात, कुणी शाळेत कामाला. बोलावणं आलं की गणवेश घेऊन आमच्याकडे येतात. छातीवर डावीकडे ‘यू.एस. आर्मी’ची पट्टी, उजवीकडे आडनावाची. सरळ टीप मारायची, कोपरे दोनदा शिवायचे. एकदा एका पँटीची कंबर मोजली, २८ निघाली. आमच्या पोराचंही तेच माप.

त्याच महिन्यात इराकमध्ये फलुजाची लढाई आणि महिन्याच्या शेवटी अबू घरेबच्या तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो. ते फोटो मी एकदाच पाहिले. मग जेवण गेलं नाही.

तोवर मी ठरवलेलं काहीच नव्हतं. अध्यक्ष बुश यांच्याबद्दल मनात राग आधीपासून होता असं नाही. ११ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात मी इथेच होते, दुकानाच्या काचेत आम्हीही झेंडा लावला होता. हे युद्ध ज्या कारणासाठी सुरू झालं, सद्दामकडच्या संहारक शस्त्रांसाठी, ते कारण मला खरं वाटलं होतं. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत बोलले ते मी इस्त्री करता करता ऐकलं होतं आणि विश्वास ठेवला होता. शस्त्रं सापडेनात तसा तो विश्वास उसवत गेला. पण बुश यांच्याविरुद्ध उभे असलेले सेनेटर केरी यांच्याकडे बघावं तर त्यांनीही ऑक्टोबर २००२ मध्ये सेनेटमध्ये युद्धाचा अधिकार देण्याच्या बाजूने मत दिलेलं, आणि वर्षभराने त्याच युद्धाच्या ८७ अब्ज डॉलरच्या खर्चाविरुद्ध. त्यावर मार्चमध्ये म्हणाले, आधी मी बाजूने मत दिलं होतं, मग विरोधात. ते एक वाक्य जाहिरातींत इतक्यांदा ऐकलं की मला तोंडपाठ झालं. ऑगस्टमध्ये ग्रँड कॅनियनला पत्रकारांनी विचारलं, आज जे कळलंय ते तेव्हा माहीत असतं तरी तो अधिकार दिला असता का? ते हो म्हणाले. त्या रात्री मी वहीत लिहिलंय, ‘मग फरक काय?’

घरात ह्यांना मत नव्हतं, काळजी होती. केरी परदेशात कामं पाठवणाऱ्या कंपन्यांवर टीका करत, आणि ह्यांचा भाऊ पुण्यात त्याच कामांवर. मी त्यांचं ऐकून घेतलं. पण ओहायोत कारखाने बंद पडलेली माणसं माझ्या गिऱ्हाइकांत होती, त्यामुळे तो मुद्दा मला एका बाजूने धरता आला नाही. शेवटी तो बाजूलाच ठेवला. एका मतात सगळं तोलता येत नाही, हे मान्य करायलाही मला दोन महिने लागले.

१९ ऑगस्टला मुलगा अठराचा झाला. वाढदिवसानंतर ३० दिवसांच्या आत मुलग्यांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे गरज पडली तर लष्करात बोलवायच्या सरकारी यादीत, नाव नोंदवावं लागतं. सक्तीची लष्करभरती १९७३ पासून बंद आहे, पण यादी चालू आहे. हे आपल्या पुष्कळ घरांत माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. नागरिकच नव्हे, ग्रीन कार्डवाल्या मुलग्यांनाही हे लागू आहे. विद्यार्थी व्हिसावरच्या किंवा एच-४ वरच्या, म्हणजे कामाच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, मुलांना नाही. तेव्हा नोंदवलं नाही तर कॉलेजसाठी सरकारी मदत मिळत नसे आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळी अडचण येई. अर्ज पोस्टात मिळतो, इंटरनेटवरही होतो. त्याने दोन मिनिटांत कॉम्प्युटरवर भरला आणि जेवायला आला. मी ताट वाढून तशीच उभी राहिले. म्हणाला, “आई, नुसती यादी आहे गं.”

त्या रविवारी फोनकार्ड घेऊन घरी फोन केला. आण्णा नेहमीसारखे म्हणाले, “लढाई चालू असताना कारभारी बदलत नसतात.” मग तात्यांनी फोन घेतला. तात्या म्हणजे माझे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, जमालपूरला होते. आमच्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणीतरी फौजेत. तिथल्या माणसाला युद्ध नको म्हणून पटवायला मी जाणार नव्हते. मी फक्त विचारलं, “तात्या, तुम्हाला तिकडे पाठवलं तेव्हा कशासाठी ते माहीत होतं?” ते म्हणाले, “हुकूम माहीत होता. कशासाठी ते विचारायचं काम आमचं नव्हतं, पोरी. ते तुम्हा मतं देणाऱ्यांचं.” कार्डावरची मिनिटं संपली आणि फोन तुटला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भारतीय किराणा दुकानाच्या दाराशी एक मुलगी पुठ्ठ्यावर अर्ज लावून उभी होती. तिच्याकडून दोन घेतले, पण भरून मी स्वतः पोस्टात टाकले. अर्ज कुणाच्या हाती देऊ नये असं नाही, पण आपण टाकला की शंका राहत नाही. ओहायोत मतदानाच्या ३० दिवस आधी नोंदणी बंद होते, या वेळी ती तारीख ४ ऑक्टोबर होती. तीन आठवड्यांनी केंद्राचा पत्ता असलेलं कार्ड आलं. मुलाचं नाही आलं. फोन करून विचारलं तर यादीत नाव होतं, कार्ड टपालात अडकलं होतं. कार्ड आलं नाही तर गप्प बसू नका, फोन करा.

अर्ज टाकला त्याच दिवसांत, ७ सप्टेंबरला, इराकमध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या हजारावर गेली. इराकी माणसं किती मेली, ते कुणी मोजून सांगत नव्हतं. मला ते फार लागलं.

मग बुश आणि केरी यांच्या वादफेऱ्या. ३० सप्टेंबरची पहिली मी पूर्ण पाहिली, मांडीवर कुणाची तरी पँट घेऊन. केरी म्हणाले, मित्रदेशांना सोबत घेऊ, इराकी फौज तयार करू आणि सहा महिन्यांत सैन्य कमी करायला सुरुवात करायचं उद्दिष्ट ठेवू. बुश म्हणाले, असं बोललं की सैनिकांना आणि शत्रूला चुकीचा निरोप जातो. मला दोघांचं पटत होतं. आपण एका देशाचं घर मोडलंय, मग अर्धवट टाकून निघून यायचं का? आणि नाही यायचं, तर किती पोरं आणखी?

६ ऑक्टोबरला शस्त्रं शोधायला सरकारनेच नेमलेल्या ड्यूल्फर यांचा अहवाल आला. इराककडे संहारक शस्त्रांचे साठे नव्हते. दोनच दिवसांनी सेंट लुईसची दुसरी वादफेरी, ज्यात समोर बसलेली माणसं माझ्यासारखी पूर्ण न ठरलेली होती. शेवटचा प्रश्न एका बाईंनी विचारला. अध्यक्ष म्हणून चुकलेले तीन निर्णय सांगा आणि ते सुधारायला काय केलंत तेही. मी मशीन थांबवलं. बुश म्हणाले की मोठ्या निर्णयांवर, अफगाणिस्तानवर, इराकवर, ते ठाम आहेत. काही नेमणुकांत चुका झाल्या, पण नावं सांगणार नाही.

मी तीस वर्षं शिवते आहे. टीप वाकडी गेली की उसवावी लागते, आणि उसवताना कापडाला जपावं लागतं, नाहीतर फाटतं. मला चूक न करणारा अध्यक्ष नको होता. चूक झाली म्हणणारा हवा होता, आणि खरं सांगायचं तर केरीही ते स्पष्ट म्हणत नव्हते.

मत कोरं सोडावं असंही एका रात्री मनात आलं. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांचं नाव ओहायोच्या यादीतून गेलं होतं, आणखी कुणी मला माहीत नव्हतं. त्या काळात फोन इतके येत की संध्याकाळी रिसीव्हर काढून ठेवायचो. टीव्हीवर दर दोन मिनिटांनी जाहिरात. माझा सल्ला, जाहिराती लागल्या की आवाज बंद करा आणि वादफेऱ्यांचे शब्द न् शब्द वर्तमानपत्रात छापून येतात ते वाचा. वाचताना सूर आणि हावभाव नसतात, नुसतं बोललेलं उरतं. मी ग्रंथालयात बसून तिन्ही वाचल्या. तिथेच जुन्या युद्धकाळच्या निवडणुकांचंही वाचलं. १८६४ ला लिंकन, १९४४ ला रूझवेल्ट, १९७२ ला निक्सन, युद्ध चालू असताना पुन्हा उभा राहिलेला अध्यक्ष तोवर हरलेला नव्हता. आण्णांसारखंच इथल्या लोकांनाही वाटत आलंय. त्याने धीर आला, उत्तर नाही मिळालं.

दसऱ्याच्या आसपास एक गिऱ्हाईक बाई मुलाचे दोन गणवेश घेऊन आल्या. जानेवारीत जायचंय म्हणाल्या. मी धीर करून विचारलं, तुम्ही मत कुणाला देणार? बुश, त्या लगेच म्हणाल्या. त्याच्या तुकडीतला एक मित्र तिकडे गेला, तो उगाच गेला असं मी कसं म्हणू? मी काही बोलले नाही. त्यांचं चुकतंय असं मला आजही वाटत नाही.

पण त्या गेल्यावर पट्ट्या शिवता शिवता तात्यांचं बोलणं परत आलं. कशासाठी ते विचारायचं काम माझं. या पोराला पाठवताना जे कारण सांगितलं ते खरं नव्हतं, आणि त्याबद्दल वर कुणाचंही काही गेलं नाही. जाब विचारायला माझ्याकडे दुसरं काय होतं? मोर्चात मी कधी गेले नाही, इंग्रजीत पत्र लिहायची माझी हिंमत नाही. एक मत होतं. केरी युद्ध नीट संपवतील याची मला खात्री नव्हती. तरी कारण खोटं ठरल्यावरही त्याच माणसाला परत तिथे बसवलं, तर पुढच्या वेळी कुठलाही अध्यक्ष कारण सांगताना कशाला जपेल? मी केरींना मत द्यायचं ठरवलं. २९ ऑक्टोबरला बिन लादेनची चित्रफीत आली तेव्हा पुन्हा एक रात्र डळमळले. ठरलं ते तसंच राहिलं, पण खात्री कधीच आली नाही. ती येईल म्हणून मी मार्चपासून थांबले होते.

इतर मतांची तयारी मात्र मी फार उशिरा केली. अध्यक्षाखेरीज सेनेटर, काउंटीचे अधिकारी, न्यायाधीश आणि घटनादुरुस्तीचा ‘इश्यू १’, म्हणजे समलिंगी विवाहावरची बंदी, एवढं सगळं एकाच वेळी होतं. न्यायाधीशांच्या नावापुढे तेव्हा पक्ष लिहिलेला नसायचा. ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’चं माहितीपत्रक ग्रंथालयात फुकट मिळतं, ते आठवडाभर आधी आणा आणि चिठ्ठी करून न्या.

२ नोव्हेंबर, मंगळवार. सुट्टी नसते. मालकाला आधी सांगून मी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली. केंद्र ६.३० ला उघडायचं होतं, मी आणि मुलगा ६.२५ ला पोचलो तर रांग इमारतीला वळसा घालून गेलेली. पाऊस लागला होता. आत मशिनं तीन. माझ्याकडे छत्री, पाण्याची बाटली, पोळीचे रोल, आणि ओळख म्हणून नवा पासपोर्ट आणि विजेचं बिल. टपालाने पहिल्यांदाच नोंदणी केलेल्यांना त्या वर्षी ओळख मागू शकत होते, म्हणून जवळ ठेवली. एक घडीची खुर्चीही न्या. माझ्यामागच्या आजी दीड तास काठीवर उभ्या होत्या, मग पुढच्यांनी त्यांना आत बाकावर बसवून त्यांची जागा धरली. आठच्या सुमारास दोन बाया कामावर उशीर होतो म्हणून निघून गेल्या. एक तर हॉस्पिटलच्या कपड्यांत होती. संध्याकाळी परत येते म्हणाली. आली का, कळायला मार्ग नाही. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा, ७.३० ला केंद्र बंद होताना जो रांगेत आहे त्याला मत देता येतं. कुणी जा म्हटलं तरी हलायचं नाही.

साडेतीन तासांनी आत गेले. मोठ्या फळ्यावर सगळी नावं, दाबलं की बाजूला दिवा लागायचा, शेवटी एक मोठं बटण. ते दाबायच्या आधी सगळे दिवे एकदा वरपासून खालपर्यंत पाहायचे. मी पाहिले. हात थरथरत होता. साताऱ्याला शाईचं बोट घेऊन बाहेर यायचे, इथे कागदाचा गोल स्टिकर दिला. तो मी पर्समध्ये ठेवलाय, मार्चमधल्या त्या अर्जाच्या जागी.

गाडीत मुलाला विचारलं, कुणाला दिलंस? “आई, मत गुप्त असतं,” म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही.

रात्रभर सगळं आमच्या राज्यावर अडलं होतं. ओहायोची २० इलेक्टोरल मतं केरींकडे गेली असती तर अध्यक्ष बदलला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी केरींनी हार मान्य केली. ६ डिसेंबरला अधिकृत आकडा आला, राज्यात फरक १ लाख १९ हजारांच्या आसपास. ह्यांना वाटलं मी खचेन. वाईट वाटलं, पण झोप लागली.

आठवड्याभरात फलुजाची दुसरी लढाई सुरू झाली. नोव्हेंबरअखेर सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं कार्ड टपालाने आलं. मुलाने ते पाकिटात, कॉलेजच्या ओळखपत्रामागे ठेवलं. काल त्या बाई गणवेश घ्यायला आल्या होत्या. एका बाहीची टीप मला ढिली वाटली, म्हणून मी तो परत ठेवून घेतलाय. शनिवारी नेणार आहेत.